देवीच्या मनात असेल तिकडे

शिनचू, तैवान
१० मे

प्रिय सुध्या,

तुझा फोटो पाहिला. गळ्यात काळ्या-पांढऱ्या माशांचं पदक, हातात ग्रीन टी, आणि खाली प्रश्न : ‘ताओ म्हणजे टेन्शन घ्यायचं नाही, एवढंच ना? तू तिकडेच आहेस, दोन ओळींत सांग.’ बीपीची गोळी सुरू झाल्यापासून तू अगदी ऋषिमुनी झालायस असं वहिनींकडून कळलं होतंच.

दोन ओळींत जमणार नाही. पण हे न जमणारा मी पहिला नव्हे. लाओ त्सू नावाच्या म्हाताऱ्याचं जे पुस्तक आहे, ‘ताओ ते चिंग’, त्याची सुरुवातच अशी की जो ताओ सांगता येतो तो कायमचा ताओ नव्हे. आणि एवढं बजावून झाल्यावर बाबाने ८१ प्रकरणं लिहिली! अर्थात सगळी मिळून पाचेक हजार अक्षरं. एका दुपारी वाचून होतं. गोष्ट सांगतात ती अशी : राज्याच्या कारभाराला विटून तो म्हशीवर बसून पश्चिमेला निघाला. खिंडीतल्या नाकेदाराने अडवलं आणि म्हणाला, ‘जाताय तर जा, पण ठाऊक आहे ते लिहून देऊन जा.’ जकातीत पुस्तक घेणारा दुसरा नाकेदार माझ्या ऐकण्यात नाही. असा माणूस खरंच होऊन गेला का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुस्तक मात्र जुनं आहे. १९९३ साली चीनमधल्या हुबेई प्रांतात ग्वोदिएनच्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यांवर त्यातला काही भाग आहे. त्या इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासच्या.

इथे उच्चार ‘दाओ’ असा करतात. अर्थ साधा : वाट. मी कामावर जातो त्या महामार्गाच्या नावातही तेच अक्षर आहे. यावरून एक किस्सा सांगतो, तुला इतिहासाची आवड म्हणून. आसामात तेव्हा कामरूपचं राज्य होतं, राजा भास्करवर्मा. त्याने चीनच्या बादशहाकडे लाओ त्सूचं पुस्तक संस्कृतात मागितलं. ६४७ साली हे काम कोणाच्या गळ्यात पडलं, तर युआन श्वांगच्या. तोच तो, शाळेत शिकलेला, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत नि अपमानही विसरत नाहीत असं लिहून ठेवणारा. भाषांतर पहिल्याच शब्दाला अडलं. ताओपंथी पंडित म्हणाले, ‘ताओ’ला ‘बोधी’ लिहा. युआन श्वांग म्हणाला, छे, ‘मार्ग’. भांडण बरंच झालं. ते संस्कृत पुस्तक आज कुठे मिळत नाही, पण मला विचारशील तर युआन श्वांगच बरोबर होता. बोधी ही पोचल्यावरची गोष्ट झाली. इथे सगळी मजा चालण्यात आहे.

मी तीन वर्षांपूर्वी इथे आलो तो असंच एक भाषांतर बॅगेत घालून. वाटलं, देवळात शांत बसलेले दाढीवाले साधू भेटतील. पहिल्याच देवळात शिरलो तर धूर, ढोल, फळांचे ढीग, भाजलेलं अख्खं डुक्कर, आणि भाविक देवाला नोकरीचं विचारतायत. मला देवरूखची जत्रा आठवली. पुस्तकातलं काहीच दिसेना. मी मनात म्हटलं, लाओ त्सू वेगळा आणि ही अडाणी भाबडेपणाची दुनिया वेगळी. आपण शिकलेली माणसं घरीही हेच करतो ना, उपनिषदं वेगळी आणि गावदेवी वेगळी?

माझा तो ताठा एका लाकडी ठोकळ्याने उतरवला. देवळात लाल रंगाचे, चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ठोकळे असतात. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ओंजळीत धरायचे, नाव-गाव सांगायचं, प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायचे. तैवानी बोलीत याला प्वा-प्वे म्हणतात. एक सपाट, एक फुगीर पडला तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर देव हसला. म्हणजे प्रश्नच चुकलाय, किंवा उत्तर तुला ठाऊक असून उगाच विचारतोयस. मोठ्या कामाला लागोपाठ तीन होकार लागतात. (तुझ्यातल्या गणिताच्या मास्तरासाठी : ठोकळे नाण्यासारखे पडतात असं धरलं तर आठात एकदा.)

अरे, हा कौलच की! आपल्याकडे गुरव देवीच्या अंगाला कळ्या लावतो, उजवी पडली की झालं. मीही ठोकळे उचलले आणि विचारलं, ‘आईला इकडे आणू, की मीच परत जाऊ?’ खळ्ळ. दोन्ही सपाट. पुन्हा टाकले, पुन्हा सपाट. तिसऱ्यांदाही देव हसला. शेजारी एक आजोबा कागदी पुडीतून शेंगा खात उभे होते. त्यांनी माझ्या ऑफिसमधल्या मित्राकरवी विचारलं, मी काय मागितलं. मग म्हणाले, ‘हे दोन प्रश्न झाले. देव हो म्हणाला तर कशाला हो म्हणाला ते तुला कळणार कसं?’ आमचा गुरव अगदी याच कारणासाठी माझ्या वडिलांवर खेकसला होता. घरी आलो आणि बसून राहिलो. चार महिने जो गुंता डोक्यात होता तो एका वाक्यात दोन प्रश्न कोंबल्यामुळे होता, हे मला लाकडाने सांगितलं.

त्यानंतर जरा डोळे उघडे ठेवून हिंडू लागलो. तैपेईत शिंगथिएन गोंग म्हणून देऊळ आहे, ग्वान यू या लाल चेहऱ्याच्या सेनापतीचं. माणूस खरा, इसवी सन २२० मध्ये मारला गेला. शब्दाला जागणारा म्हणून व्यापाऱ्यांचा देव झाला. २०१४ साली या देवळाने उदबत्तीच बंद केली. तिथे निळे झगे घातलेल्या बायका रांगेतल्या माणसांचं ‘शोउ चिंग’ करतात. शब्दशः अर्थ, धसका गोळा करणं. माणूस दचकला, अपघात झाला, की जीव ठिकाणावर राहत नाही, त्याला परत बोलवायचं. माझ्यापुढे सुटाबुटातला एक जण होता, लॅपटॉपची बॅग खांद्यावरच. बाईंनी नाव विचारलं, पुटपुटत त्याच्या डोक्या-खांद्यांवरून हात फिरवले, तो वाकला नि गेला. एक पैसा घेत नाहीत. आईने मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकल्यावर जो तडतड आवाज यायचा, तो मला तिथे ऐकू आला.

धर्म म्हणून ताओची बांधणी झाली ती इसवी सन १४२ पासून, असं मानतात. चीनमधल्या सिचुआनमध्ये चांग दाओलिंग नावाच्या माणसाला साक्षात लाओ त्सूने दर्शन दिलं म्हणे. तोवर म्हातारा देव झाला होता. पंथात यायचं तर पाच मापं तांदूळ द्यायचे. आजारी माणसाने आपल्या चुका कबूल करून अर्ज लिहायचा, तीन प्रतींत : एक डोंगरावर आकाशाला, एक पुरून जमिनीला, एक बुडवून पाण्याला. आपल्या तहसील कचेरीची मुळं कुठवर गेलीत बघ! वरच्या लोकातही खाती, शिक्के, बढत्या सगळं आहे. स्वयंपाकघरातला चूलदेव वर्षाअखेरीस वर जाऊन घरच्यांचा अहवाल देतो, म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला गोड लावतात.

पुढे दोन वाटा झाल्या. एका वाटेचे पुजारी संसारी, आपल्या भिक्षुकांसारखे घरोघरी विधी करणारे. इथे बहुतेक तेच. दुसऱ्या वाटेचे मठात राहणारे, शाकाहारी, ब्रह्मचारी, डोक्यावर केसांचा बुचडा. त्यांच्यातला छिउ छुजी सत्तरी ओलांडल्यावर चंगेजखानाच्या बोलावण्यावरून हिंदुकुशपर्यंत गेला. १२२२ साली भेट झाली. खानाने अमर व्हायचं औषध मागितलं. हा म्हणाला, आयुष्य जपायचे उपाय आहेत, अमर व्हायचं औषध नाही. चंगेजखानाच्या तोंडावर! त्याआधीच्या, चीनच्या थांग घराण्यातल्या बादशहांना असं सांगणारं कोणी भेटलं नाही. हिंगूळ आणि पाऱ्याच्या गोळ्या खाऊन त्यांतले काही जण लवकरच ‘वर’ गेले. त्याच भट्ट्यांमध्ये नवव्या शतकात बंदुकीची दारू सापडली, तीही अमृत शोधताना.

तुझ्या पदकाचं सांगायचं राहिलं. ते दोन मासे म्हणजे यिन आणि यांग. यिन म्हणजे मुळात डोंगराची सावलीतली बाजू, यांग उन्हातली. सकाळी जी कूस उन्हात, ती संध्याकाळी सावलीत, डोंगर तोच. चांगलं-वाईट असं काही त्यात नाही. माशांचं चित्र पुष्कळ नंतरचं, लाओ त्सूने ते पाहिलेलं नसणार. पांढऱ्यातला काळा ठिपका आणि काळ्यातला पांढरा, तेवढा मात्र नीट बघ. तुझ्या शांतपणात वहिनींना जो ठिपका दिसतो तोच तो.

आता ‘टेन्शन घ्यायचं नाही’. ताओवाल्यांचा शब्द आहे वू वेई, न करणं. मलाही वाटायचं, मस्त, पडून राहायचं. पण च्वांग त्सू या दुसऱ्या ताओवाल्याच्या पुस्तकात बैल कापणारा एक खाटीक आहे. त्याची सुरी १९ वर्षं धार न लावता नवी राहिली, कारण तो हाडावर घाव घालतच नाही, सांध्यातल्या पोकळीतून पातं नेतो. तुला बैल नको असेल तर माझी आत्या आठव, फणस फोडताना. आपण पोरं कोयता घेऊन तुटून पडायचो, चिकाने माखायचो. ती हाताला तेल लावून, एक चीर देऊन, पाव (आतला दांडा) मधोमध दाबायची आणि फणस आपसूक उघडायचा. वर म्हणायची, ‘मी कुठे काय केलं?’ ते ‘काय केलं नाही’ यायला तिला चाळीस वर्षं लागली होती.

आणि हे मी माणसांच्या खांद्यावर पाहिलं ते गेल्या महिन्यात. शिनचूच्या दक्षिणेला समुद्रकाठी पायशाथुन गाव आहे. तिथली मात्सू, समुद्राची देवी, दरवर्षी बेइगांगच्या देवळाला पायी जाऊन येते. चीनमधल्या फुजिएनच्या किनाऱ्यावरची ही मुलगी, जन्म ९६० चा सांगतात; मच्छीमारांना वाचवता वाचवता देवी झाली. जाऊन-येऊन सुमारे ४०० किलोमीटर, मागे लाखो माणसं, वाटेत लोक हाक मारून मारून खायला घालतात, अगदी आपली वारी. फक्त रस्ता ठरलेला नाही. चौघांच्या खांद्यावरची लहानशी गुलाबी पालखी चौकात येते, थबकते, दोन पावलं पुढे, दोन मागे, थरथरते आणि एकदम वळते. कधी शाळेत शिरते, कधी हॉस्पिटलच्या दारात थांबते. पोलीस वाहतूक अडवून उभे असतात, त्यांनाही माहीत नसतं. शिमग्यात आपली पालखी पुरलेला नारळ शोधत खुणा काढते ना, तशी. फक्त ही दिवसच्या दिवस.

खांदा देणाऱ्यांतल्या एकाला विसाव्यावर गाठलं. एरवी तो ट्रक चालवतो. विचारलं, खरं सांग, वळवतं कोण? तो हसला, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि म्हणाला, ‘खांदा घट्ट धरला की काही कळत नाही. सैल सोडला की पालखी पडते.’ मग माझा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवून दाखवलं. दगडासारखा असेल असं वाटलं होतं. मऊ होता रे, मळलेल्या कणकेसारखा, आणि तरी खाली जात नव्हता.

पालखी आमच्यासमोरून गेली तेव्हा लोक रस्त्यावर ओळीने ओणवे झाले, देवी वरून जावी म्हणून. मीही झालो. कोपर खरचटलं, बाकी आनंद.

पुढच्या वर्षी तू आणि वहिनी याच. आईलाही तेव्हाच आणायचा विचार आहे. एकच प्रश्न विचारून मागच्या रविवारी होकार घेतला. जुने, पायाला सरावलेले बूट आण, नवे नकोत. गोळ्या विसरू नकोस. येताना मेतकूट आणि कोकमं. तिकीट मात्र आत्ता काढू नकोस. निघायची तारीख चिनी वर्ष संपता संपता ठोकळे टाकून देवीलाच विचारतात, तोवर इथे कुणालाच माहीत नसते.

तुझा,
बंड्या