‘अवसान गळालं’ म्हणजे मैदानावर नेमकं काय झालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरराष्ट्रीय रग्बीचा मोठा सामना झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ठरलेलं वाक्य येतं. हरलेला संघ ‘दडपणाखाली कोसळला’ आणि जिंकलेल्याने ‘आत्मविश्वासाच्या जोरावर बाजी मारली’. निकाल हाती आल्यावर ही वाक्यं कुठल्याही सामन्याला चिकटवता येतात, त्यामुळे वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. रग्बीत दडपण डोळ्यांना दिसतं. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

सगळ्यात आधी बघावं लाइनआउटकडे, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू परत खेळात आणणाऱ्या फेकीकडे. ही फेक करणारा हूकर टचलाइनवर (मैदानाच्या कडेच्या रेषेवर) चेंडू डोक्यावर धरून उभा राहतो. समोर दोन्ही संघांच्या रांगा आणि मधे एक मीटरची गल्ली. फेक त्या गल्लीतून सरळ जायला हवी. शिवाय दोन साथीदारांनी उचललेला खेळाडू सर्वांत उंचावर असेल, नेमकी तेव्हाच ती त्याच्या हातांत पडायला हवी. रांग टचलाइनपासून पाच मीटरवर सुरू होते आणि पंधरावर संपते. पुढच्या टोकाची फेक सोपी, पण तिथे टचलाइन खेटून असते आणि प्रतिस्पर्धी चेंडूवाल्याला ढकलून बाहेर काढू शकतात. मागच्या टोकाला मैदान मोकळं मिळतं, पण फेक लांब असते आणि चुकली तर चेंडू समोरच्याच्या घरात. दडपणाखाली हूकरची बोटं चेंडूवर आवळतात, खांदे आखडतात, उचलणारे पुरते उठायच्या आत हात सुटतो. टीव्हीवर दिसतं ते एवढंच, की चेंडू उडी मारणाऱ्याच्या डोक्यावरून गेला.

२०१५च्या विश्वचषकात ही दोन्ही टोकं पाहायला मिळाली. ट्विकनहॅमवर वेल्सविरुद्ध इंग्लंड २५-२८ असं मागे होतं. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. गोलखांबांमधून किक गेली असती तर तीन गुण आणि बरोबरी. कर्णधार ख्रिस रॉबशॉने कोपरा निवडला, म्हणजे लाइनआउट घेऊन ट्रायसाठी (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून पाच गुणांसाठी) जायचं. धाडस इथवर होतं. फेक मात्र पुढच्या टोकाला झाली. वेल्सने तिथेच सगळ्यांना टचबाहेर ढकललं आणि काही दिवसांत यजमान इंग्लंड साखळीतच बाद झालं. त्याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात स्कॉटलंड ऑस्ट्रेलियापुढे ३४-३२ असं आघाडीवर होतं. पाऊस, ओला चेंडू, दोन-एक मिनिटं शिल्लक, लाइनआउट आपल्याच गोलरेषेलगतच्या २२ मीटरच्या पट्ट्यात. इथे पुढच्या टोकाला चेंडू घेऊन घट्ट धरून ठेवायचा, एवढंच काम होतं. फेक मागे गेली आणि चेंडू निसटला. त्या गोंधळात ऑफसाइडची पेनल्टी दिली गेली, बर्नार्ड फोलीने ती मारली आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने पुढे गेलं. तिथे स्क्रम (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना रेटून चेंडू मिळवतात तो) द्यायला हवा होता, हे जागतिक संघटनेने नंतर मान्य केलं आणि पंचांवर रग्गड चर्चाही झाली. त्याआधीच्या फेकीबद्दल फारसं कोणी बोललं नाही. धोका पत्करायचा तिथे सुरक्षित फेक आणि सुरक्षित राहायचं तिथे धोक्याची फेक, अशी निवड उलटी होणं हीच दडपणाची पक्की खूण.

रॉबशॉच्या निर्णयाला लोक वेडेपणा म्हणाले. त्याच्या आठवडाभर आधी, १९ सप्टेंबरला, ब्रायटनमध्ये जपानच्या मायकेल लीचने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २९-३२ असताना बरोबरीची किक नाकारून स्क्रम मागितला. ती कर्णधाराची हिंमत ठरली. खुद्द प्रशिक्षक एडी जोन्स यांना किक हवी होती, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. पण लीचच्या निर्णयामागे हिशेब होता. दक्षिण आफ्रिकेचा एक प्रॉप (स्क्रमच्या पहिल्या रांगेतला गडी) पिवळं कार्ड मिळून बाहेर होता, म्हणजे समोर चौदाच जण. शेवटी चेंडू डाव्या कोपऱ्यापर्यंत फिरवून कार्न हेस्केथने ट्राय केला आणि जपान ३४-३२ ने जिंकलं. दोन्ही कर्णधारांनी बरोबरी नाकारली. आत्मविश्वास मोजायचाच असेल तर त्या निर्णयाला मैदानावरचा कोणता आधार होता, ते विचारावं.

चार दिवसांनी हाच जपान स्कॉटलंडकडून १०-४५ असा हरला. त्याच्या मुळाशी मन किती आणि दमलेले पाय किती, हे सामन्यांचं वेळापत्रक पाहिलं की कळतं. बातमीत मात्र ‘आत्मविश्वास उतू गेला’ हे लिहिणं सोपं जातं.

दडपणाखाली डोकं शाबूत ठेवणं म्हणजे काय, हे २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातल्या शेवटच्या खेळीइतकं कुठेच स्वच्छ दिसत नाही. सिडनी, इंग्लंड-ऑस्ट्रेलिया १७-१७, जादा वेळेचं शेवटचं मिनिट. इंग्लंडला लाइनआउट मिळाली. हूकर स्टीव्ह थॉम्पसनने चेंडू मागच्या टोकाला लुइस मूडीकडे फेकला. फेक अवघड, पण कारण साधं : ड्रॉप गोलसाठी (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारायच्या तीन गुणांच्या किकसाठी) मैदानाच्या मधोमध जायचं होतं. माइक कॅटने एक धडक मारली. स्क्रम-हाफ (घोळक्यातून चेंडू काढून पास देणारा) मॅट डॉसन फट शोधून पुढे घुसला, पण पकडला गेला आणि रकच्या, म्हणजे पडलेल्या चेंडूवर झुंजणाऱ्या घोळक्याच्या, ढिगाखाली अडकला. आता किक मारणारा जॉनी विल्किन्सन जागेवर उभा होता, पण त्याला नेमका पास देणारा माणूस जमिनीवर होता. उतावळ्या संघाने इथे दुसऱ्या कोणाच्या हातून पास करवला असता. कर्णधार मार्टिन जॉन्सनने चेंडू स्वतः घेतला आणि आणखी एक छोटी धडक मारली. त्यातून मिळालेले मीटर नगण्य. मिळाले ते काही सेकंद, डॉसनला उठून जागेवर यायला. मग डॉसनचा पास आणि विल्किन्सनची किक, तीही त्याच्या नेहमीच्या डाव्या पायाने नव्हे, उजव्या पायाने. त्या सामन्यात त्याचे आधीचे ड्रॉप गोल चुकले होते. विश्वचषक विल्किन्सनच्या नावावर लागला. पण दडपणाचा धडा शिकवायचा तर जॉन्सनची ती दोन पावलांची धडक दाखवावी.

नेमकं हेच २००७ साली कार्डिफमध्ये न्यूझीलंडकडून झालं नाही. उपांत्यपूर्व सामना, मध्यंतराला फ्रान्सवर १३-३ अशी आघाडी, शेवट १८-२० असा. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधी पास पुढे गेला होता आणि पंच वेन बार्न्स यांच्या नजरेतून तो सुटला, हे खरंच. पण त्यानंतरची दहाएक मिनिटं उरली होती आणि एक ड्रॉप गोल पुरेसा होता. किक मारणारा डॅन कार्टर आणि त्याच्या जागी आलेला निक इव्हान्स दोघेही दुखापतीने बाहेर. उरलेल्यांनी ट्रायसाठी धडका मारणंच चालू ठेवलं. जवळ जाऊन, पास बसवून ड्रॉप गोल मारण्याची मांडणी झालीच नाही. लांबून एक प्रयत्न झाला, तो चुकला. मन एका मार्गावर अडकलं की दुसरा मार्ग समोर असूनही दिसत नाही. तयारीत नसलेली गोष्ट ऐंशीव्या मिनिटाला सुचेल ही अपेक्षाच चुकीची.

न्यूझीलंडने त्या पराभवानंतर प्रशिक्षक ग्रॅहम हेन्रींना ठेवलं, ही त्या देशात उसळलेल्या संतापाचा विचार करता मोठीच गोष्ट. संघाचे मानसिक प्रशिक्षक गिल्बर्ट एनोका आणि मानसोपचारतज्ज्ञ सेरी इव्हान्स यांच्या मदतीने संघाने ‘लाल डोकं’ आणि ‘निळं डोकं’ अशी भाषा बसवली. लाल म्हणजे निकालाच्या विचाराने तापलेलं किंवा गोठलेलं डोकं; निळं म्हणजे समोरच्या कामावर असलेलं. लालमधून निळ्यात यायला प्रत्येकाची खूण ठरलेली. रिची मॅकॉ पाय जमिनीवर आपटायचा, किरन रीड स्टेडियमच्या टोकाकडे नजर टाकायचा. ऐकायला पोरकट वाटेल. पण त्यातून श्वास लांबतो, नजर रुंदावते आणि पुढच्या कामाचा एकच शब्द डोक्यात राहतो. २०११च्या अंतिम सामन्यात पिरी वीपूच्या किका चुकत गेल्या, ॲरन क्रुडनही जायबंदी झाला आणि चौथ्या पसंतीचा फ्लाय-हाफ (खेळाची आखणी करणारा, कार्टरच्या जागेवरचा) स्टीफन डोनाल्ड मैदानात आला. त्याने एक पेनल्टी मारली आणि सामना ८-७ असा राहिला. शेवटच्या अर्ध्या तासात कोणाचाच गुण झाला नाही. सामना कंटाळवाणा होता, असं म्हणणाऱ्यांशी वाद नाही. पण कार्डिफला जे सुटलं होतं ते इथे धरून ठेवलं गेलं.

किक मारणाऱ्याचं दडपण सगळ्यांना दिसतं, त्यामुळे त्यावर थोडक्यात. पेनल्टीला आणि आता कन्व्हर्जनलाही (ट्रायनंतरच्या दोन गुणांच्या किकलाही) साठ सेकंद मिळतात. टीवर (चेंडू उभा ठेवायच्या बैठकीवर) चेंडूचा कोन, मोजून मागे आणि बाजूला पावलं, एक श्वास, खांबांमागची एक बारीक खूण, मग धाव. बिघाड होतो तो पावलांची लय घाईने तुटल्यावर, किंवा चेंडूला पाय लागायच्या आत डोकं वर उचलल्यावर. लांबून मारताना ‘जोर लावू या’ हा विचार आला की शरीर आखडतं आणि दिशा जाते. ठरलेला क्रम समोरच्यालाही पाठ असतो, हा त्यातला धोका. कन्व्हर्जनला मारणारा पुढे सरकला की बचाव करणाऱ्यांना धावून येता येतं. २०२३च्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात पॅरिसला चेस्लिन कोल्बीने असंच धावून फ्रान्सच्या थॉमा रामोसचं कन्व्हर्जन अडवलं आणि दक्षिण आफ्रिका तो सामना २९-२८ ने जिंकली. पुढे उपांत्य सामना १६-१५, अंतिम १२-११. तीनही एकेका गुणाने. यात नशिबाचा वाटा होताच. पण उपांत्य सामन्यात अगदी शेवटी हांद्रे पोलार्डला मिळालेली लांबची पेनल्टी स्क्रममधून आली होती, आणि तो स्क्रम बाकावरून आलेल्या ताज्या दमाच्या गड्यांनी जिंकला होता. दमलेल्या संघाला कितीही धीर द्या, स्क्रम मागे सरकायचा तो सरकतोच.

आता हरत राहणाऱ्या संघाबद्दल, कारण खरा गुंता तिथे आहे. वेल्सने २०२३ ते २०२५ या काळात सलग अठरा कसोटी (आंतरराष्ट्रीय) सामने गमावले. अशा संघाला दुधाने तोंड पोळल्यासारखं होतं आणि तो ताकही फुंकून पितो. पेनल्टीनंतर टचला मारलेली किक मैदानातच राहील या भीतीने आखूड मारली जाते. समोरच्या गोलरेषेपासून पाच मीटरवर मिळायची ती लाइनआउट पंधरावर मिळते. बचावाच्या रांगेत एकाला शेजाऱ्याचा भरवसा नसतो, तो आत ओढला जातो आणि बाहेर फट पडते. रकमध्ये एकाचं काम असताना दोघे-तिघे शिरतात, मग पुढच्या हल्ल्याला रांगेत माणसं कमी. सगळ्यांची मेहनत दिसते, गुणफलक हलत नाही. ५ जुलै २०२५ ला जपानमध्ये मध्यंतराला वेल्सकडे १९-७ अशी आघाडी होती. दुसऱ्या सत्रात वेल्सचा एकही गुण झाला नाही आणि सामना १९-२४ असा गेला. आठवड्याने कोबेमध्ये त्याच जपानला ३१-२२ असं हरवून पराभवांची ती मालिका संपली. सात दिवसांत मनोबल कुठून आणलं असेल? बहुधा आणलंच नसेल. त्या दिवशी आघाडी मिळाल्यावर चेंडू कुठे मारायचा, हे आधी ठरलेलं असेल.

इटलीचं तर सिक्स नेशन्समध्ये (युरोपातल्या सहा संघांच्या वार्षिक स्पर्धेत) सलग छत्तीस पराभवांपर्यंत गेलं होतं. १९ मार्च २०२२ ला कार्डिफमध्ये वेल्सविरुद्ध शेवटच्या क्षणी आंजे कापुओझो आपल्या अर्ध्यातून सुटला, त्याने एदोआर्दो पादोवानीला पास दिला आणि पादोवानीने चेंडू खांबांजवळ टेकवला. तो कोपऱ्यात टेकवला असता तर पाओलो गार्बिसीला कन्व्हर्जन कडेवरून मारावं लागलं असतं. समोरून मारलं आणि इटली २२-२१ ने जिंकली. छत्तीस पराभवांचं ओझं असलेल्या संघाने साथीदाराची किक सोपी करण्याचं भान त्या क्षणाला राखलं.

तेव्हा एक विनंती. रग्बीच्या बातमीत गुणांसोबत तीन आकडे छापावेत : किती लाइनआउट स्वतःच्या फेकीवर गमावल्या, किती पेनल्टी दिल्या, आणि समोरच्याच्या २२ मीटरमध्ये कितीदा शिरून किती गुण मिळवले. सामन्यानंतर हे आकडे अधिकृत आकडेवारीत सहज मिळतात आणि गुणफलकाखाली त्यांना एक ओळ पुरते.

आपला,
एक वाचक