बाहेरचा निळा नळ

प्रिय मित्रा,

सात महिने झाले, तुला एक ओळ लिहिली नाही. तीनदा लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. फोन केला असता तर इकडचं तिकडचं बोलून ठेवला असता, म्हणून आज बसून लिहितोय आणि हे पत्र पूर्ण केल्याशिवाय उठणार नाही. तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच, गोळ्या चालू आहेत. ते जाऊ दे.

परवा आपला ट्रेलर, ते चाकांवरचं घर, हिवाळ्यासाठी बंद केला. पहिल्यांदाच एकट्याने. आणि त्यात एक गोष्ट दिसली जी मी घरात सांगितली तर "बरं मग?" एवढंच म्हणतील, तुला मात्र पहिल्या वाक्यातच कळेल. पण पहिल्या वाक्यात मला ती लिहिता येत नाहीये, तेव्हा थोडं ऐकून घे.

पाईपांत पाणी राहून गोठू नये म्हणून या वेळी कॉम्प्रेसरची हवा मारली नाही, न गोठणारं अँटीफ्रीझ भरलं. हो, शेवटी माझ्याच मनासारखं केलं, तू समोर नव्हतास म्हणून भांडणही झालं नाही आणि खरं सांगतो, त्यात काही मजा आली नाही. आधी सगळ्या टाक्या रिकाम्या केल्या, संडासची टाकी दोनदा धुतली, खालचे दोन्ही ड्रेन उघडून ठेवले, पाण्याचा फिल्टर काढला. हीटर आदल्या रात्रीच बंद करून ठेवला होता. सकाळी आधी वरचा प्रेशर व्हॉल्व्ह उघडून दाब सोडला आणि मगच प्लग काढला, तू पहिल्या वर्षी ओरडला होतास ना, "आधी दाब सोड रे, नाहीतर तोंडावर येईल", ते अजून कानात आहे. अ‍ॅनोड रॉड निम्म्याहून जास्त खाल्ला गेलाय, एका टोकाला तर आतली तार उघडी पडलीय. म्हणजे टाकीऐवजी तो झिजला, त्याचं काम त्याने केलं. नवीन आणावा लागेल. आतून पांढरा चुन्यासारखा गाळ निघाला, मूठभर असेल.

शेजारी मदतीला आला तो थेट गाडीच्या रेडिएटरचं हिरवं कूलंट घेऊन. मी हातच जोडले. म्हटलं बाबा, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ज्या नळाचं पाणी आपण तोंडात घेतो त्यात ते नको, आपलं हे गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं वेगळं. त्याला पटलं की नाही माहीत नाही, पण माणूस चांगला आहे, हीटरच्या प्लगला लागणारा मोठा सॉकेट त्यानेच दिला.

मग ड्रेन बंद केले, हीटर बायपासवर टाकला म्हणजे त्याच्या टाकीत अँटीफ्रीझ जाणार नाही, पंपाची नळी कॅनमध्ये सोडली आणि एकेक नळ उघडत गेलो. स्वयंपाकाचा गरम, मग थंड. बेसिनचा गरम, मग थंड. आतला शॉवर, फ्लश. प्रत्येक ठिकाणी आधी साधं पाणी, मग फिकट, मग लालभडक सरबतासारखं गुलाबी. तू असतास तर प्रत्येक नळाला "गुलाबी आली का?" म्हणून ओरडला असतास. मीच एकदा मोठ्याने ओरडून घेतलं.

शेवटी बाहेरचा शॉवर, तो मागच्या बाजूचा छोटा खण. लाल नळ उघडला, गुलाबी आलं, बंद केला. निळा उघडला आणि त्यातून फस्सकन साधं पाणी आलं. चांगलं अर्धा मग. मग गुलाबी.

मी तिथेच उभा राहिलो रे. म्हणजे आतले सगळे थंड नळ गुलाबी झाले होते, खालचे ड्रेन आधीच उघडून झाले होते, आणि तरी या एका फांदीत पाणी बसून होतं. त्या फांदीचा स्वतःचा नळ उघडल्याशिवाय ते हलतच नाही. हवेने ढकला नाहीतर अँटीफ्रीझने, नळ बंद तर पाणी तिथल्या तिथे.

आत गेलो, पलंगाखालच्या फळीचे चारही स्क्रू काढले आणि टॉर्च मारला. आपण वसंतात बसवलेला एल्बो, पाईपच्या वळणावरचा तो जोड, जुन्या पिवळट पाईपांमध्ये तो एकटा पांढराशुभ्र दिसतो. त्याच्यावर बोट ठेवलं आणि पाईपच्या कडेकडेने सरकवत नेलं. आपण दोघंही समजत होतो की तो हीटरकडे जातो, कारण गळती हीटरच्या शेजारी होती. नाही जात. हीटरच्या मागून वळसा घालून तो थेट बाहेरच्या निळ्या नळाला जातो. दुसरीकडे कुठेही नाही.

आता मागच्या वर्षीची ती दुपार आठव. तू आत होतास, एकेक नळ उघडत होतास. मी बाहेर कॉम्प्रेसरपाशी, हवेचा दाब ४० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही म्हणून काट्यावर डोळा ठेवून. बाहेरचा शॉवर माझ्याकडे होता. तेवढ्यात काकूंचा फोन आला, माझ्याच फोनवर, कारण तुझा लागत नव्हता. फोन खांद्यात धरून मी लाल नळ उघडला, पाणी उडालं, नुसती हवा यायला लागली, बंद केला. तू खिडकीतून विचारलंस, "बाहेरचा झाला का?" मी म्हटलं, "झाला."

निळा उघडलाच नव्हता. मला आता अगदी स्पष्ट आठवतं, काकू डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगत होत्या आणि मी ती शॉवरच्या खणाच्या झाकणावर बोटाने धुळीत लिहून ठेवली होती. लाल बंद केला आणि झाकण लावलं.

बाकीचं तुला माहीत आहे. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे तर तूच मला सांगितलेलं. पाईप तेवढं ताणून घेतो, एल्बो नाही घेत. वसंतात टाकी भरली, पंप लावला आणि तो थांबेनाच, टकटक टकटक, आणि मग पलंगाखालून पाणी आलं, प्लायवुड पाव भिजल्यासारखं झालं. आणि मी तुला काय काय बोललो. "तुझ्या हवेच्या हट्टापायी" असं बोललो. "तू कुठलंच काम पुरं करत नाहीस" असंही. हे दुसरं जास्त लागलं तुला, तेव्हाच चेहऱ्यावर दिसलं होतं. तू तर इतकं पुरं केलं होतंस की हवा मारून झाल्यावर प्रत्येक मोरीखालच्या वाकड्या पाईपमध्ये, ट्रॅपमध्ये, अँटीफ्रीझही ओतलं होतंस, मी म्हणत होतो पुरे आता. तरी तू उलट काही बोलला नाहीस, एल्बो बदलून दिलास, फरशी बसवून दिलीस आणि जाताना म्हणालास, "आता तुझा तू बघ."

तो फुटलेला एल्बो मी टाकला नव्हता. ड्रॉवरमध्येच होता, आता हे लिहिताना समोर आहे. वळणाच्या आतल्या बाजूला केसाएवढी चीर आहे, नजरेला दिसत नाही, नख फिरवलं की अडकतं.

चुकलो मी. तुझ्या पद्धतीत काही दोष नव्हता, तुझ्या कामातही नव्हता. घरी सगळ्यांना सांगितलं आहे, दादालाही सांगितलं, कारण त्याच्यासमोर मी तुला बोललो होतो.

आणि आता रात्री झोप लागत नाही ते वेगळंच. काल उणे ९ पर्यंत उतरलं. दोन वाजता उठून स्वेटर चढवून बाहेर गेलो, टॉर्च घेऊन खण उघडला आणि निळ्या नळाच्या तोंडाशी बोट लावलं. गुलाबी थेंब, चिकट. गोठलेला नाही. मग तिथे होतोच म्हणून बाकीचंही पाहिलं, सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, फ्रिजचं दार टॉवेल घालून उघडं ठेवलेलं, चाकांखाली फळ्या. बॅटरी घरातच आणली आहे, १२.७ व्होल्ट आहे. तिथेच ठेवली असती तर गॅस डिटेक्टरने महिनाभरात चाटून पुसून रिकामी केली असती, आणि उतरलेली बॅटरी गोठायला या थंडीत वेळ लागत नाही.

छताच्या कडेचं सीलंट दोन ठिकाणी तडकलं होतं, भरून घेतलं. वरून हवा खेळणारं कव्हरच घातलं आहे. ताडपत्रीबद्दल मात्र मी माघार घेणार नाही हं, तुझ्या ताडपत्रीखाली जी बुरशी धरली होती ती मी तीन दिवस घासली आहे! आणि आपला भाडेकरू आठवतो ना, तुझ्या उजव्या हातमोज्यात संसार थाटून बसलेला? या वेळी वायर आत येते त्या भोकात आणि पाईपांच्या भोवती तारेची घासणी ठासून भरली आहे. जागा खाली करायची नोटीस समज. तो हातमोजा धुऊन ठेवलाय, डावाही आहे.

तुझी नवी नोकरी कशी चाललीय? घर लागलं का नीट? पिल्लू शाळेत रमली असेल. वहिनींना नमस्कार सांग, त्या माझ्यावर चिडल्या असतील तर त्यांचं बरोबर आहे. काकूंचा डोळा आता कसा आहे ते नक्की कळव, त्यांना मी वेगळा फोन करतो.

तू हिस्सा सोडलास असं म्हणाला होतास, मी ते धरलेलं नाही. कागदावर अजून दोघांची नावं आहेत. वसंतात उघडायचा तेव्हा सगळं गुलाबी धुऊन काढायचं, टाक्या ब्लीचच्या पाण्याने साफ करायच्या, मग पंप लावून ऐकायचं की थांबतो का. ते मला एकट्याने ऐकायचं नाहीये. येशील का?

आणि आपला तो मोठा सॉकेट तुझ्याच टूलबॉक्समध्ये गेलाय, येताना आण. शेजाऱ्याचा परत करायचाय.

तुझाच