‘यस्टरडे’ला आठवा बार नाही

महोदय,

गिटार क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठाण्याच्या गडकरी रंगायतनात असो की वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, बीटल्स या ब्रिटिश बँडचे ‘यस्टरडे’ यादीत असतेच. गाणे जेमतेम दोन मिनिटांचे, चाल सगळ्यांच्या कानात, म्हणून ते सोपे समजून नवशिक्यांच्या हाती दिले जाते. मग ते ठरलेल्या जागी कोसळते, म्हणजे पहिले कडवे संपताना.

कारण हे कडवे सात बारचे आहे. हा सात मात्रांचा रूपक ताल नव्हे. प्रत्येक बार, म्हणजे तालाचा एक खंड, चार मात्रांचाच. एका बारला केरव्याचे एक आवर्तन धरा, सात आवर्तनांत कडवे संपते आणि लगेच पुढचे सुरू होते. आपल्या सुगम संगीतात काय किंवा पॉपमध्ये काय, हाताला चार-आठ-सोळाची सवय. त्यामुळे तबलजी सातव्यानंतर सवयीने एक आवर्तन भरून काढतो, गिटारवाला शेवटची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) लांबवतो आणि गायक तोवर पुढच्या ओळीवर पोहोचलेला असतो. मधला भाग (ब्रिज) मात्र सरळ आठ बारचा. तालमीत शब्द बाजूला ठेवून सात, सात, आठ, सात, आठ, सात असे नुसते मोजून घ्यावे. सुरुवातीला दोन बार गिटारचे आणि शेवटी दोन बार गुणगुणण्याचे, ते वेगळे.

दुसरी चूक सुरांची. मूळ ध्वनिमुद्रण पांढरी चारमध्ये, म्हणजे एफमध्ये आहे. पहिल्या कडव्याची दुसरी ओळ चढते ती ग, तीव्र म, कोमल ध, शुद्ध ध, नी, सां अशी. पंचम वगळून दोन्ही धैवत लागोपाठ! पेटीवर बसवणारे हमखास शुद्ध मध्यम आणि पंचम घेतात. खाली ए सेव्हन कॉर्ड वाजत असते, तिच्यात कोमल धैवत असतो; पंचम त्यावर आपटतो आणि दोष मात्र गायकाला लागतो.

गिटारबद्दल. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी सहाही तारा एकेक स्वर उतरवून जी कॉर्डच्या आकारात वाजवले, म्हणून ऐकू येते एफ. जाड तारेपासून डी, जी, सी, एफ, ए, डी असे लावायचे. ताण कमी झाला की गिटारची मान किंचित मागे सरकते आणि आधी लावलेल्या तारा चढतात, म्हणून सहाही तारा दोनदा तपासाव्यात. दहा गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) बारीक तारा इतक्या उतरवल्यावर खरखरतात, बारा गेजच्या घालाव्यात. कडव्यातले आकार बारप्रमाणे असे: जी, एफ शार्प मायनर सेव्हन आणि बी सेव्हन, ई मायनर आणि पुढे त्याचाच बेस डीवर, सी आणि डी सेव्हन, जी, ई मायनर आणि ए सेव्हन, सी आणि जी. दुसरा बार गाळून थेट ई मायनरवर जाणारी ‘सोपी’ आवृत्ती शिकवू नये. गाण्याचा जीव तिथेच आहे.

नाव लेनन-मॅकार्टनी या जोडीचे असले तरी चाल, शब्द, गायन, गिटार हे सारे मॅकार्टनी यांचे. बीटल्समधल्या बाकीच्या तिघांपैकी कोणीही यात वाजवलेले नाही. चाल आधी सुचली, शब्द नंतर आले. तोवर ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ हे डमी शब्द होते. १४ जून १९६५ रोजी, पुढे ॲबी रोड म्हणून प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, दोन टेकमध्ये गाणे झाले. १७ जूनला निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यावर दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो चढवले. स्वर हलवू नका, सरळ धरा, असा मॅकार्टनी यांचा आग्रह होता. हा चमू दुसऱ्या कडव्यापासून येतो. आपल्याकडे कीबोर्डवाले पहिल्याच ओळीपासून ‘स्ट्रिंग्ज’चा थरथरता टोन पसरतात, दुसऱ्या ब्रिजमधला चेलोचा कोमल निषाद त्यात बुडून जातो.

अमेरिकेत हे गाणे १९६५ मध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ब्रिटनमध्ये मात्र एकट्याचे गाणे बँडच्या नावावर सिंगल (एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड) म्हणून काढायला नको म्हणून ते थेट १९७६ मध्ये सिंगल झाले आणि आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गिनेसच्या नोंदीनुसार १९८६ पर्यंत १६०० हून अधिक जणांनी ते पुन्हा ध्वनिमुद्रित केले होते.

गायिकेला वरची पट्टी हवी असेल, तर तारा नेहमीसारख्या लावून गिटारच्या तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी चिमटी) बसवावा. तेच आकार काळी पाचमध्ये वाजतात. ड्रमरला मात्र या गाण्यापुरते चहाला पाठवावे. मूळ गाण्यात ड्रम नाहीतच.

— गिटार शिकवणारे काही शिक्षक,
नौपाडा (ठाणे) व वाशी