सासरी नांदणारे पुरुष

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय या मूळ रहिवासी लोकांत शेती बायका करीत आणि पुरुष नुसते बसून खात, हे तुझ्या पत्रातले वाक्य मला फार लागले. जुन्या युरोपीय लेखकांनी रुजवलेला हा ग्रह अन्यायाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

स्वतःला हौदनोशौनी, म्हणजे लांब घराचे लोक, म्हणवणाऱ्या या समाजाने कामे जागेवरून वाटली होती: वस्ती आणि भोवतालची शेते बायकांची, पलीकडचे रान पुरुषांचे. पण मका, घेवडा आणि भोपळा ज्या जमिनीत पिके, ती रानातून काढून देत पुरुषच. दगडी कुऱ्हाडीने थोराड झाड पाडणे जिकिरीचे, म्हणून ते बुंध्याभोवतीची साल कड्यासारखी सोलून काढीत, झाड उभ्याउभ्या वाळू देत आणि मग जाळीत. उरलेल्या खुंटांमधून बायका मातीचे उंचवटे करून बी टोचीत. याशिवाय एल्म झाडाच्या सालींनी शाकारलेली घरे, गावाभोवतीचे लाकडी कोट, हरणांची शिकार, व्यापार, दूरच्या वाटाघाटी आणि युद्ध ही कामे होतीच.

लग्नानंतर पुरुष बायकोच्या माहेरच्या घरात नांदायला जाई. घरजावई म्हणताना आपल्याकडे जो कमीपणा येतो, तो तिथे नव्हता. मुले आईच्या कुळाची, त्यामुळे वडिलांइतकाच, कित्येकदा त्यांच्याहून अधिक, भार मामावर असे; आणि हा मामा स्वतः दुसऱ्याच घरात राहत असे. मला या व्यवस्थेतले हेच सर्वांत विलक्षण वाटते.

इरोक्वॉय जमातींच्या संघाच्या सभेतील ५० प्रमुख पुरुषच असत, पण त्यांना नेमीत कुळाच्या ज्येष्ठ माता. हरणाची शिंगे ही पदाची खूण. वारंवार समज देऊनही प्रमुख सुधारला नाही, तर ती शिंगे उतरवण्याचा अधिकारही त्या मातेचाच. वाटेचा सुक्या मक्याचा शिधा आणि पायातले मोकासिन द्यायला बायकांनी नकार दिला, तर लढाईची मोहीमही अडे.

पुढे अमेरिकी राज्यक्रांतीनंतर, अमेरिकेशी झालेल्या १७८४ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहापासून, त्यांची जमीन झपाट्याने हातची गेली. १७९९ मध्ये दृष्टान्त झालेला, त्यांच्यातल्याच सेनेका जमातीचा धर्मोपदेशक हँडसम लेक पुरुषांनाच शेती करायला सांगू लागला. तू ज्यांना बसून राहिलेले म्हणतोस, त्यांचे रानच तोवर आक्रसून गेले होते.

उत्तराची वाट पाहतो. लोभ असावा.

तुझा,
विनायक