अवाजवी म्हणजे किती फूट?

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

कुत्री दारात कायमची साखळीला बांधून ठेवायची नाहीत, असा नियम ग्रामसभेपुढे येतोय. बाबा, तुम्ही म्हणालात, "कायदा आहेच की, परत आणि कशाला?" आहे, 1960 पासून आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या त्या कायद्याचं 11वं कलम सांगतं की अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं जनावर अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवून न आणणं हाही गुन्हा. पण अवाजवी म्हणजे किती फूट, किती वजन, किती तास? ते कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही. दंड पहिल्या खेपेला 10 ते 50 रुपये. शिवाय साखळीचा गुन्हा दखलपात्र नाही, त्यामुळे पोलीस आपणहून त्यात हात घालत नाहीत. म्हणून तुम्ही दोघांनी या नियमाच्या बाजूनं हात वर करावा असं मला वाटतं, पण त्यात आकडे असतील तरच. "कुत्र्याला नीट वागवावे" एवढंच लिहिणार असतील तर तो कागद कपाटात जाऊन पडेल.

अमेरिकेत काही राज्यांनी असे आकडे घातलेत, तेच समोर ठेवून बोला. कॅलिफोर्नियात 2007 पासून दिवसाच्या 24 तासांत 3 तासांच्या वर कुत्रं खुंट्याला बांधता येत नाही. पेनसिल्वेनियात 2017 पासून मर्यादा 9 तासांची आहे, पण पारा साधारण 32 अंशांवर गेला की अर्धाच तास. टेक्सासनं 2022 मध्ये बांधण्यासाठी साखळी वापरायलाच बंदी घातली. तिथं दावं कमीत कमी 10 फूट किंवा कुत्र्याच्या लांबीच्या पाचपट, यातलं जे जास्त असेल तेवढं लागतं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा 35 च्या पुढं असतो, म्हणून 11 ते 4 उघड्यावर बांधायचं नाही हे वेगळं लिहून घ्या. तासांपेक्षा मला हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. कोण किती तास बांधतो ते मोजायला कुणी बसणार नाही. भर दुपारी उन्हात बांधलेलं कुत्रं मात्र रस्त्यावरनं जाणाऱ्या कुणालाही दिसतं.

एक ओळ विसरू नका: "बांधायचे नाही म्हणजे मोकाट सोडायचे असे नव्हे." ही ओळ नसली तर दंडाच्या भीतीनं चारजण आपली कुत्री शिवेबाहेर सोडून येतील, आणि वर्षभरात नियम आणणाऱ्यालाच शिव्या बसतील. आधी लेखी समज, मग सुधारायला 15 दिवस, मग दंड, असा क्रम ठेवा. अर्ज सभेच्या आधीच पीडीओंकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडं, कन्नडमध्ये द्या (कर्नाटकात कारभार त्याच भाषेत चालतो), सोबत मराठी प्रत जोडा आणि पोच घ्या. ठराव वहीत उतरल्यावर आकड्यांसकट वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

आता आपला कुत्रा, खंड्या. सभेत पहिला प्रश्न "तुमच्या गोठ्याजवळ काय आहे?" हाच येणार. त्याच्या गळ्यातली साखळी म्हशीची आहे. आई, ती एकदा काट्यावर टाकून बघ. 20 किलोच्या कुत्र्याला पाव किलोच्या वर लोखंड नको. जड साखळीनं मान कायम खाली ओढली जाते, कडी फिरत नसली की पीळ पडतो, आणि पीळ पडला की सहा फुटांची साखळी दोन फुटांवर येते. पाण्याचं भांडं लवंडतं तेही त्या पिळानंच. गळ्यावरचे केस उलटे करून बघ: पट्ट्याखाली बोटभर रुंद टक्कल आणि काळी पडलेली कातडी असेल. कातडी पट्टा पावसात भिजून वाळला की आवळतो, जखम होते, त्यावर माशी बसली की दिवसभरात किडे दिसतात. इंचभर रुंद नायलॉनचा पट्टा आणा. खाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पावसाळ्यात रोज हात फिरवून बघायचा.

खरा उपाय कुंपणाचा. गोठ्याची 20 फूट भिंत एका बाजूला धरली तर 15 बाय 20 च्या जागेला 50 फूटच जाळी लागते, उंची 5 फूट आणि खांब आठ. जाळी खाली फूटभर पुरा, नाहीतर आत वळवून वर दगड ठेवा; कुत्री वरनं उडी मारण्याआधी खालनं उकरतात. फाटक आत उघडणारं हवं, म्हणजे धडक दिली तरी ते बंदच होतं. खोपटं फळ्यांचं करा, नुसत्या पत्र्याचं एप्रिलमध्ये तव्यासारखं तापतं. विटांवर उचललेलं, तोंड पूर्वेला, कारण आपला पाऊस पश्चिमेकडनं झोडपतो. आत भाताचं पिंजर घालायचं आणि आठ दिवसांनी बदलायचं, नाहीतर पिसवा आणि गोचीड. पाणी दिवसाला दीड लिटर तरी, उन्हाळ्यात दुप्पट, जड बुडाच्या भांड्यात.

कुंपण होईपर्यंत दोन खांबांत तार ओढा, त्यात कडी आणि कडीला हलकी दोरी, दोन्ही टोकांना भोवरकडी. तारेवर खांबांच्या चार-चार फूट अलीकडं गाठ मारा, म्हणजे दोरी खांबाला गुंडाळत नाही. गडग्याजवळ तार नको. पलीकडं उडी मारली आणि दोरी अपुरी पडली तर कुत्रं गळफास लागून मरतं.

एकदम मोकळा सोडू नका, सुटल्या पायी कोंबड्यांत घुसेल. पहिले चार दिवस 15 फुटी दोरीवर सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवायचं, जेवण कायम कुंपणातच. मग आत असताना दोरी काढा. रेबीजची लस दरवर्षी, आणि जनावरांच्या डॉक्टरांना नसबंदीचं विचारा. नर हुंदडायचा कमी होतो.

राहता राहिली राखण. बांधलेल्या कुत्र्याची साखळी कुठवर पोचते ते चोराला चार दिवसांत कळतं. बांधलेलं कुत्रं पानाच्या सळसळीवरही भुंकतं, मग घरात कुणी उठतच नाही. बेळगाव जिल्ह्यात खानापूर बाजूला, भीमगड अभयारण्याच्या रानालगत, रात्री बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. त्याला पळताही येत नाही. वरनं उघडं कुंपणही तिथं कामाचं नाही. खंड्याला रात्री पडवीत, दाराच्या आत घ्या. तो आतनंही भुंकतो.

बाबा, गोठ्याची भिंत टेपनं मोजून कळवा. मी 20 फूट अंदाजानं धरलेत. वाटेत चिंचेचं मूळ येत असेल तर तेही लिहा, खांबाचे खड्डे सरकवावे लागतील.

तुमची,
शैला