माझ्याही पासपोर्टात नव्वद दिवसांची चिठ्ठी होती

संपादक महोदय,

सविनय जयभीम.

गेल्या महिन्यात इथे नागपुरात, आमच्या इंदोरा वस्तीतल्या समाजभवनात बैठक होती. विषय नळाच्या पाण्याचा होता, पण अर्ध्या तासात बोलणं 'बाहेरच्या लोकां'वर आलं. बाहेरच्यांना खोल्या भाड्यानं देऊ नयेत, असं निवेदन कोणीतरी आधीच टाइप करून आणलं होतं. सह्यांचा कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी तो सही न करता पुढे दिला. शेजारच्या भाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, तुम्ही तर पाच वर्षं परदेशात राहून आल्या. तिकडे असं कोणालाही येऊन राहू देतात का?" त्या गलक्यात मला नीट सांगता आलं नाही. सांगण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, म्हणून हे पत्र.

मी चौतीस वर्षं नागपुरात सरकारी परिचारिका होते, आधी मेयो रुग्णालयात आणि मग मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. माझे मिस्टर रेल्वेत होते. दोघंही निवृत्त झालो, मुलगा सिंगापूरला स्थिरावला. मिस्टर पूर्वी एकदा इथल्या उपासकांच्या जत्थ्याबरोबर थायलंडचे विहार पाहून आले होते, तेव्हापासून तिथे काही वर्षं राहायचं त्यांच्या मनात होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये आम्ही चियांग माईला गेलो. जुन्या शहराभोवती पाण्याचा चौकोनी खंदक आहे, त्याच्या बाहेरच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. सकाळी भिक्खू भिक्षेला निघत, तेव्हा मी भाताची वाटी घेऊन दारात उभी राहायची.

भाऊ, तिथे कोणालाही राहू देत नाहीत. निवृत्त म्हणून राहायचं तर वय पन्नासच्या वर पाहिजे. तिथल्या बँकेत आठ लाख बाथ पाहिजेत, म्हणजे त्या वेळच्या भावानं सतरा-अठरा लाख रुपये. मिस्टरांच्या रेल्वेच्या पैशातला मोठा वाटा त्यातच गेला. दरवर्षी मुदतवाढ घ्यायची, तिची फी १९०० बाथ. २०१९ पासून नियम आणखी कडक झाला. अर्जाच्या आधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण आठ लाख खात्यात राहिले पाहिजेत आणि बाकीच्या दिवसांतही ते चार लाखांच्या खाली जाता कामा नयेत. अर्जाच्या दिवशी सकाळी आधी बँकेत जायचं, पासबुकात त्या दिवसाची नोंद करून घ्यायची, बँकेचं पत्र घ्यायचं आणि मग इमिग्रेशनच्या रांगेत लागायचं. मी त्यांची पत्नी म्हणून, त्यांच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून तिथे होते. माझ्या मुदतीची सगळी मदार त्यांच्या कागदावर.

शिवाय दर नव्वद दिवसांनी 'आम्ही याच पत्त्यावर आहोत' हे कळवायचं. ते कळवलं की एक छोटी चिठ्ठी मिळते, तिच्यावर पुढची तारीख असते. ती पासपोर्टात स्टेपल करून देतात. घरमालकिणीनं तर आम्ही उतरल्यापासून चोवीस तासांत आमची माहिती द्यायची होती. मुलाकडे सिंगापूरला जायचं तरी आधी परत येण्याचा परवाना काढायचा. तो न काढता विमानात बसलात की वर्षाची मुदतवाढ तिथेच संपली. जमीन आमच्या नावावर घेता येत नव्हती. काम करणं तर पूर्ण बंद. विहारातल्या म्हाताऱ्या बायकांचं ब्लडप्रेशर आठवड्यातून एकदा मोजून द्यावं, असं माझ्या फार मनात होतं. यंत्र माझ्याजवळ होतं, हात चौतीस वर्षं तयार होते. तिथल्या एका शिक्षिकेनं मला समजावलं की पैसे घेतले नाहीत तरी परदेशी माणसासाठी ते काम ठरू शकतं, वर्क परमिट नसताना हात लावू नका. मी यंत्र कपाटात ठेवून दिलं. त्या दिवशी वाईट वाटलं, हे लपवत नाही. उपयोगाचं माणूस असून नुसतं बसून राहायचं, याची सवय मला कधीच नव्हती.

तिथे आमच्यासारख्यांना 'खॅक' म्हणतात. त्या शब्दाचा एक अर्थ पाहुणा. दुसरा अर्थ हिंदुस्थान, अरबस्तानकडून आलेला सावळा परका माणूस. बाजारात भाजीवाली हाच शब्द मायेनं म्हणायची. एक घर पाहायला गेलो तेव्हा दारातल्या माणसानं तोच शब्द म्हणून मान हलवली आणि दार लोटलं. थाई मला फार येत नव्हतं, पण स्वर समजायला भाषा लागत नाही. लहानपणी गावी पाण्याच्या जागी ऐकलेला स्वर होता तो.

आमच्या गल्लीच्या टोकाला इमारतीचं बांधकाम चालू होतं. त्यावरचे मजूर म्यानमारच्या शान प्रांतातले. पत्र्याच्या खोल्यांत राहायचे, पहाटे पिकअपच्या मागच्या हौद्यात उभे राहून कामावर जायचे. बायका डोक्याला फडकं गुंडाळून विटा उचलायच्या, लेकरं वाळूच्या ढिगावर खेळायची. मिस्टर पहिल्यांदा ते बघून म्हणाले, "आपले छत्तीसगडी आले बघ." त्या मजुरांजवळ परदेशी कामगारांची गुलाबी ओळखपत्रं असायची. त्यातल्या एका बाईला मी इमिग्रेशनच्या रांगेत पाहिलं, तिच्या हातातही तसलीच नव्वद दिवसांची चिठ्ठी. तिच्याजवळ आठ लाख बाथ नव्हते, तिच्याजवळ काम होतं. माझ्याजवळ पैसे होते आणि कामाला मनाई होती. खिडकी आम्हा दोघींना एकच होती.

२०२१ च्या पावसाळ्यात मिस्टर आजारी पडले आणि मी चिठ्ठीवरची तारीख विसरले. मुदतीनंतर सात दिवसांची सवलत असते, तीही उलटून गेली. दंड दोन हजार बाथ. खिडकीतल्या मुलीनं नियमाचा छापील कागद माझ्यापुढे ठेवला, रकमेवर बोट ठेवलं, पैसे घेतले, पावती दिली, नवी चिठ्ठी लावली आणि हात जोडून नमस्कार केला. चूक माझी होती. नियम कडक होता, पण लिहिलेला होता आणि मला दाखवून लावला गेला. भाऊ, तुमच्या प्रश्नाचं हे माझं अर्धं उत्तर आहे. परक्या माणसाला राहण्याच्या अटी घालणं हा प्रत्येक देशाचा अधिकार आहे, आपल्या देशाचाही. मी त्या अटी पाच वर्षं पाळल्या आणि त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मला चियांग माईत बसून नागपूरकडे बघताना मिळालं. एप्रिल २०२०. विमानं बंद पडली तेव्हा तिथल्या सरकारनं परदेशी लोकांच्या व्हिसाच्या मुदती आपोआप वाढवल्या, नव्वद दिवसांची हजेरीही थांबवली. मी, एक परकी बाई, घरात निश्चिंत होते. त्याच दिवसांत भाचा मला नागपूरहून व्हिडिओ पाठवत होता. हैदराबादकडून निघालेली माणसं वर्धा रोडनं पायी येत होती, डोक्यावर बोजा, कडेवर लेकरू, जायचं मध्य प्रदेशात, छत्तीसगडात. नागपूरकरांनी तेव्हा रस्त्यावर उभं राहून त्यांना पाणी दिलं, जेवण दिलं, चपला दिल्या. त्याचा मला अभिमान आहे. पण ती माणसं परकी नव्हती हो! त्यांना कोणाच्या मुदतवाढीची गरज नव्हती. संविधानाच्या एकोणिसाव्या कलमानं या देशात कुठेही जाण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क त्यांना दिलेला आहे. त्याच माणसांना खोल्या देऊ नका, असं निवेदन आज आपल्या समाजभवनात फिरतं.

हे निवेदन आमच्या वस्तीत फिरावं, याचं मला जास्त दुःख आहे. माझे वडील भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून एम्प्रेस मिलमध्ये कामाला आले. जमशेटजी टाटांची ती गिरणी १८७७ ची, आणि इथल्या कितीतरी घरांची नागपुरातली पहिली पिढी तिच्या भोंग्यावर उठलेली. म्हणजे आम्ही बाहेरचेच. आमच्या पलीकडे जरीपटका, तो फाळणीत सिंध सोडून आलेल्यांनी वसवला. दर हिवाळ्यात आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो ते तिबेटी. त्यातल्या कित्येकांची घरं गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या वसाहतीत आहेत आणि त्यांना आपला नोंदणीचा कागद नूतनीकरण करत राहावा लागतो. छत्तीसगडचं तर काय सांगावं? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच राज्यात होतो आणि राजधानी नागपूर होती. आज विटा वाहणाऱ्या त्या बाईचा आजा नागपूरला आला असेल तर स्वतःच्या राजधानीत आला होता.

आणि इंदोऱ्याच्या लोकांनी भन्तेजींना कसं विसरावं? भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई जपानमध्ये जन्मले, १९६० च्या दशकात भारतात आले आणि इंदोरा बुद्ध विहारात राहून आमचेच झाले. व्हिसाच्या मुदतीवरून त्यांना देश सोडावा लागेल अशी वेळ आली, तेव्हा या वस्तीतून सह्या गोळा झाल्या. ड्यूटी संपवून पांढऱ्या साडीतच जाऊन सही करणाऱ्यांत मी होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांना भारताचं नागरिकत्व मिळालं. एका परदेशी माणसाला राहू द्या म्हणून ज्या वस्तीनं सह्या केल्या, तिथे आपल्याच देशाच्या माणसाला राहू देऊ नका म्हणून सह्यांचा कागद फिरावा? मला तो कागद हातात धरवला नाही.

मी पूर्वी फार शहाणी होते असंही नाही. नोकरीत असताना वॉर्डात बालाघाटचे, छिंदवाड्याचे, राजनांदगावचे पेशंट भरून असायचे. एका खाटेवर दोन-दोन बाया झोपलेल्या असत तेव्हा मीही म्हटलेलं आहे, "आपल्या लोकांना जागा नाही आणि सगळं हेच लोक घेऊन बसलेत." ज्या बाईला मी हे ऐकवलं तिला आदल्या रात्री मुलगी झाली होती. बांधकामावरून थेट आलेली होती ती. तिचा चेहरा मला चियांग माईच्या त्या बंद झालेल्या दारापुढे आठवला. आता कुठे शोधू तिला?

२०२३ मध्ये मिस्टर गेले, तिथेच. विहाराच्या आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, शेजारच्या बायका तीन रात्री माझ्यासोबत बसल्या. पण माझा मुक्काम त्यांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. स्वतःच्या नावानं अर्ज करायचा तर स्वतःच्या खात्यात पैसे पाहिजेत, आणि पैसे त्यांच्या नावावरच्या खात्यात अडकलेले. ते सोडवायला तिथल्या कोर्टाचा हुकूम लागतो. चियांग माईत आपला वाणिज्य दूतावास आहे. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी मी तिथे जायची, या खेपेला त्यांच्या मृत्यूची नोंद करायला गेले. मग अस्थी घेऊन घरी आले. भारतात उतरल्यावर विमानतळावर भारतीय पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले. शिक्का मारणाऱ्यानं मान वर करून 'किती दिवस राहणार' हे विचारलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणी ते विचारलं नाही, आणि मी तिथेच रडले.

आता ज्या माणसावरून बैठकीत आवाज चढला त्याच्याबद्दल. माझ्या घरामागच्या खोलीत एक मिस्त्री बायको-मुलीसह भाड्यानं राहतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यातला. घरात बंगाली बोलतो, बाहेर आपल्यापेक्षा स्वच्छ मराठी. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना भारत सरकारनंच तिकडच्या जंगलात जमिनी देऊन वसवलं, त्यांचा हा नातू. गडचिरोली हा जिल्हा १९८२ मध्ये झाला, त्याच्या आधीपासून यांची गावं तिथे आहेत. बैठकीच्या आदल्या आठवड्यात चार पोरांनी त्याला चौकात अडवलं, बायकोशी फोनवर बंगाली बोलताना ऐकलं म्हणून 'बांगलादेशी' ठरवलं आणि मोबाइल काढून घेऊन फोटो तपासले. त्यानं मतदार ओळखपत्र दाखवलं तर म्हणाले, असे कार्ड पैशाला मिळतात. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीचं ओळखपत्र त्या पोरांनी असं उडवून लावलं असतं तर मी काय केलं असतं?

कोणी खरोखर परदेशी असेल आणि कागदाविना राहत असेल तर त्यासाठी कायदा आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदाही लागू झाला आहे. परदेशी पाहुणा घरी उतरला तर घरमालकानं चोवीस तासांत कळवायचं, हे आपल्याकडेही आहे. शंका असेल तर पोलीस ठाण्यात जा, लेखी द्या. पोलिसांनी तपासावं, त्या माणसाचं म्हणणं ऐकावं, जो निर्णय होईल तो लेखी द्यावा. मला दोन हजार बाथांच्या दंडाचीसुद्धा पावती मिळाली होती. इथे एका माणसाचं गाव, भाषा आणि नागरिकत्व चौकातली चार पोरं ठरवणार आणि त्याची पावती कोणी देणार नाही, हे मला मान्य नाही. आणि छत्तीसगडचा, बिहारचा, मुलचेऱ्याचा माणूस या तपासणीत येतच नाही. त्याला घर द्यायचं की नाही हे भाडं, वागणूक बघून ठरवा, बोली ऐकून ठरवू नका.

वस्तीतल्या मंडळींना माझी विनंती आहे की येत्या रविवारी पुन्हा बसू तेव्हा ते निवेदन मागे घ्यावं. आणि ज्या घरांत भाडेकरू आहेत त्या घरमालकांनी त्यांची माहिती स्वतः जाऊन ठाण्यात द्यावी. मी दिली आहे. मिस्त्रीला सोबत नेलं होतं. ठाण्यातल्या जमादारांनी फॉर्म घेतला, शिक्का मारून पोच दिली. त्या पोचेच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक माझ्या पासबुकात ठेवली. दुसरी मिस्त्रीनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवली आहे आणि कामावर जाताना रोज चाचपून बघतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
इंदोरा, नागपूर