किलोमीटरचा रकाना

अमळनेर,
दि. १८ नोव्हेंबर

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

डिसेंबरातल्या ६०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, तू तयार केलेले मदतीचे आवाहन काल वाचले. सेवानिवृत्त होऊनही हेडक्लार्कची खोड गेलेली नसल्याने मजकूर बाजूला ठेवून आधी आकड्यांवर बोट फिरवले. तुझ्या आईने त्यावरचा फोटो पाहिला आणि ‘वाळली आहे’ एवढाच अभिप्राय दिला. माझा अभिप्राय त्याहून लांब आहे, म्हणून फोनवर न बोलता लिहितो आहे. तुझ्या जाण्याला माझा विरोध नाही, आणि धडगावच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांसाठी पैसे उभे करण्याला तर नाहीच नाही. माझी हरकत आवाहनातल्या एकाच ओळीला आहे: ‘मी पूर्ण करीन त्या प्रत्येक किलोमीटरमागे १० रुपये द्या.’

मी या प्रकाराविषयी अगदीच अडाणी राहिलेलो नाही. गेल्या हिवाळ्यात तुझी ४०० किलोमीटरची बीआरएम होती, तेव्हा कळण्याची भाकरी, ठेचा आणि थर्मासमध्ये चहा घेऊन मी पारोळ्याच्या बायपासवर पहाटेपासून उभा होतो. तुझा दिवा लांबून ओळखला, रुमाल हलवला, आणि तू हात वर करून ‘नाना, कंट्रोलवर!’ असे ओरडत तशीच पुढे निघून गेलीस. तेव्हा राग आला होता, हे आता कबूल करतो. बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे शिक्का घेण्याच्या ठरलेल्या थांब्यावरच घेता येते, वाटेत बापाच्या हातची भाकरी घेतली तरी तो नियमभंग होतो, हे मला दुसऱ्या दिवशी समजले. ती भाकरी मीच हायवेच्या कडेला दगडावर बसून खाल्ली. त्यानंतर मात्र मी सगळे नियम मुळातून वाचून काढले आणि मला ते आवडले. ही शर्यत नाही, निकालात पहिला-दुसरा नंबर नसतो, आणि ब्रेव्हे कार्डावर शिक्के व वेळा नीट पडल्या की साडेसदतीस तासांत आलेला आणि साडेएकोणचाळीस तासांत आलेला सारखाच. ६०० किलोमीटरला ४० तास, म्हणजे ताशी १५ किलोमीटर, आणि त्यातच जेवण, पंक्चर, झोप सगळे बसवायचे. घड्याळाशी एवढा सरळ व्यवहार मी आमच्या कचेरीतसुद्धा पाहिला नाही.

आता तुझ्या त्या ओळीकडे येतो. तू लिहितेस की ८५ जणांनी आतापर्यंत होकार दिला आहे. ६०० किलोमीटर पूर्ण झाले तर प्रत्येकी ६,००० याप्रमाणे ५,१०,००० रुपये होतात. तुझा मार्ग जळगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा असा खलघाटच्या नर्मदेच्या पुलापलीकडे जाऊन त्याच वाटेने परत येणारा आहे. शनिवारी सकाळी सहाला सुटलीस, तर तुझ्याच अंदाजाप्रमाणे परतीच्या वाटेवर सेंधव्याला रविवारी पहाटे चारच्या सुमारास पोहोचशील आणि तेव्हा साधारण ४१० किलोमीटर झालेले असतील. म्हणजे ३,४८,५०० रुपये पदरात पडलेले आणि १,६१,५०० रुपये अजून रस्त्यावर पडलेले. बावीस तास जागी असलेली माझी मुलगी त्या वेळी बिजासन घाटाच्या माथ्यावर उभी असेल आणि ते १,६१,५०० रुपये तिच्या कॅरिअरवर बसलेले असतील. ताई, मला भीती वाटते ती त्या ओझ्याची.

तो घाट मी ट्रकच्या केबिनमध्ये बसून पाहिलेला आहे. उतारावर भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये धापा टाकत उतरतात, ब्रेक तापल्याचा जळकट वास वळणावळणावर रेंगाळत असतो, आणि पहाटे चार ते सहा या वेळात चालकाचेही डोळे मिटत असतात. ४०० च्या राइडमध्ये शेवटच्या रात्री तुला डांबरावरच्या पांढऱ्या पट्ट्या हलताना दिसल्या होत्या आणि क्षणभर आपण कुठे आहोत हेच कळेनासे झाले होते, हे तू मला नव्हे, आईला सांगितले होतेस. तिच्याकडून ते मला कळायला चार महिने लागले. अशा अवस्थेत उतरण्याआधी सायकल भिंतीला टेकवून वीस मिनिटे झोपणे, आणि तरीही डोळे उघडत नसतील तर आयोजकांना फोन करून डीएनएफ, म्हणजे ‘फेरी अपूर्ण’, असे लिहून घेणे, हा शहाणपणाचा निर्णय आहे. एरवी तू तो घेशील याची मला खात्री आहे. पण मागे ८५ माणसे आणि धडगावची मुले उभी आहेत असे वाटू लागले, की तोच निर्णय दगाबाजीसारखा दिसू लागतो. जो निर्णय केवळ झोप किती आली आहे हे पाहून व्हायला हवा, त्यात तू स्वतःच पैसे घातलेस.

यावर उपाय अवघड नाही. देणगी आणि अंतर यांची फारकत कर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात पॅन-मास चॅलेंज नावाची सायकलफेरी आहे. बिली स्टार नावाच्या गृहस्थाने ३६ जणांसह १९८० साली ती सुरू केली, आणि तिचे पैसे बोस्टनच्या डाना-फार्बर या कर्करोग संस्थेला जातात. तिथे स्वारावर बंधन असते ते रकमेचे. अमुक एक किमान रक्कम उभी करीन असे त्याने आधीच कबूल करायचे, आणि कमी पडली तर स्वतःच्या खिशातून भरायची. रस्त्यात तो किती किलोमीटर चालला याच्याशी देणगीचा संबंध नसतो. फेरीचा खर्च प्रवेशशुल्क आणि प्रायोजक यांच्यातून भागवतात, त्यामुळे लोकांनी दिलेला पैसा पूर्णच्या पूर्ण संस्थेकडे पोहोचतो. मला ही व्यवस्था मनापासून पटली. तुझी प्रवेश फी, नवे टायर, परतीचे भाडे हे तुझ्या पगारातून जाऊ दे, आणि ते तसे जाणार आहे हे आवाहनात स्पष्ट लिही. आपल्याकडे विचारत कोणी नाही, पण मनात मात्र प्रत्येकाच्या येते.

पैसे तुझ्या खात्यावर किंवा तुझ्या मोबाइलच्या क्यूआर कोडवर मुळीच घेऊ नकोस. हे मी ऐकीव सांगत नाही. तू चौथीत असताना आपल्या गल्लीत दोन घरे जळाली होती आणि वर्गणीचा खजिनदार मी होतो. दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे बँक बंद होती, म्हणून जमलेली रक्कम घरात ठेवण्यापेक्षा बरी म्हणून माझ्या सोसायटीच्या खात्यात टाकली, आणि त्या घरवाल्यांच्या हातात ती नवव्या दिवशी पडली. एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता, पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती आजही माझ्या पेटीत आहेत. तरीही पुढची दोन वर्षे चौकात माझ्या पाठीमागे काय बोलले जात होते ते तुझ्या आईला माहीत आहे. चूक माझीच होती, कारण मी हिशेब चोख ठेवला पण तो कोणाला दिसेल असा ठेवला नाही. तू त्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेचाच खाते क्रमांक दे आणि पावती संस्थेलाच देऊ दे. कोणी रोख देऊ म्हणाले तर दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही एवढे सांग, म्हणजे तो आपोआप बँकेतून देईल.

आवाहनाच्या भाषेबद्दलही थोडे बोलतो. ‘त्यांच्या वेदना मी सायकलवर जगणार आहे’ हे वाक्य काढून टाक. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत अशी कळ उठते की मूल अंथरुणात वळूसुद्धा शकत नाही. थंडी लागली, अंगातले पाणी कमी झाले किंवा दमछाक झाली तरी ती कळ येऊ शकते. म्हणजे तू जी थंडी, तहान आणि थकवा हौसेने विकत घेणार आहेस, त्याच तिन्ही गोष्टींपासून त्या मुलांना जपावे लागते. तुझे गुडघे दुखले तर ते चार दिवसांत बरे होतील. त्यापेक्षा पैसा कशाला लागतो ते लिही: दुर्गम पाड्यावरून नंदुरबारच्या दवाखान्यापर्यंतचा प्रवास, तपासण्या, रोजच्या गोळ्या. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी होणे किती मोलाचे आहे, हेही त्यात घाल. वाचणारा माणूस पैसे देईल किंवा देणार नाही, पण एवढी माहिती तरी त्याच्यापाशी राहील.

आणि आता एक गोष्ट, जी बापाने लिहावी की नाही अशी मला शंका होती. मुलांचे कारण नसते तरीही तू ही राइड केलीच असतीस. २०० आणि ३०० तू कोणासाठी केली नव्हतीस, आणि २०२७ साली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाण्याचे तुझ्या मनात आहे तेही मला ठाऊक आहे. १८९१ पासूनची ती १,२०० किलोमीटरची वाट ९० तासांत पुरी करायची, यात परोपकार कुठे आहे? नसला म्हणून काही बिघडत नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले आणि त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात अमेरिकेचा सुमारे ४,८०० किलोमीटरचा पल्ला नऊ दिवसांच्या आत पार केला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी स्वतः तालुक्याच्या कचेरीत रोज चौदा किलोमीटर सायकलने गेलो ते पोटासाठी, पण घरी येताना मुद्दाम बोरी नदीच्या लांबच्या वाटेने यायचो ते कशासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा हौसेला दानाची शाल पांघरण्याची गरज नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालू देत.

रस्त्याबद्दल तुला माझ्याहून जास्त कळते, तरी तीन गोष्टी सांगतो. डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्या आणि कापसाने बाहेरपर्यंत फुगलेले टेम्पो रात्री रस्त्यावर असतात, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा तर सोडाच, लाल पट्टीसुद्धा नसते. तुझा मागचा दिवा त्यांना दिसेल, पण ती ट्रॉली तुला दिसेल असे धरून चालू नकोस. दुसरे असे की हिवाळी वारा बहुधा उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतो, म्हणजे धुळ्याहून जळगावकडचे शेवटचे ९५ किलोमीटर तो तोंडावर असणार. वेग वाढवला की वाऱ्याचा अडथळा त्या वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा तिथे जोर करून उपयोग नाही, राखून ठेवलेले तासच उपयोगी पडतील. तिसरे खाण्याचे. अंगात साठवलेली साखर दीड-दोन तासांच्या जोरदार श्रमाला पुरते, त्यामुळे भूक लागायच्या आत केळी, गूळ-शेंगदाणे खात राहा, आणि नुसते पाणी पिऊ नकोस, त्यात ओआरएस घाल. हायवेच्या धाब्यावरची लाल तर्रीची शेवभाजी मात्र जळगावला पोहोचल्यावर. मागच्या वेळी सोनगीरजवळ काय झाले होते ते आठव. बाभळीच्या काट्यांसाठी तीन ट्यूब घे, दोन पुरत नाहीत.

रविवारी दुपारी मी धुळ्याच्या कंट्रोलवर असेन. या वेळी आधी आयोजकांना विचारून घेतले आहे, कंट्रोलच्या आत भाकरी दिलेली चालते. तू त्याआधीच थांबलीस आणि सेंधव्याहून फोन केलास, तर मी जीप घेऊन तिकडे येईन, आणि डबा तोच असेल.

सोबत हिशेबाची वही पाठवीत आहे. पहिल्या पानावर तारीख, नाव, रक्कम आणि पावती क्रमांक असे रकाने आखले आहेत. तू सांगितलेला किलोमीटरचा रकाना आखला होता, तो पट्टीने खोडला आहे. पहिली नोंद माझी, ५,००० रुपये, कालच संस्थेच्या खात्यावर भरले. पावती आली की क्रमांक कळवतो, तो तूच तुझ्या अक्षरात लिही.

तुझा,
नाना